खडूच्या डोंगरापायथ्याचे गाव

वसईच्या माणसाने बालपणीचे गाव आठवायचे म्हटले की डोळ्यांसमोर बावखल यावे, केळीची बाग यावी, पावसाळ्यातली निसरडी वाट आणि देवळाची घंटा यावी, असा आपल्याकडे जणू रिवाजच आहे. आमचे मात्र तसे नाही. आम्हां तिघां भावंडांचे कळते बालपण ज्या गावात गेले तेथे बावखल नव्हते, केळीचे झाड नव्हते, आणि जी घंटा वाजे ती आमच्या देवळाची नव्हती. ते गाव इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात, खडूच्या डोंगरांच्या पायथ्याशी होते. वयाची सत्तरी ओलांडल्यावर आज त्या गावाविषयी लिहावयास बसलो आहोत, ते केवळ आठवणींचा सुखद उजाळा घेण्यासाठी नव्हे. त्या गावाचे आमच्यावर एक ऋण आहे, आणि त्याच गावात आमच्या हातून एक अपराधही घडला. दोन्हींची कबुली एकाच लेखात द्यावी, असा मानस आहे.

आमचे वडील परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. 1948 च्या ब्रिटिश नागरिकत्व कायद्यामुळे राष्ट्रकुलातील लोकांना इंग्लंडमध्ये जाऊन काम करण्याची वाट मोकळी झाली होती. कोणा ओळखीच्याने कळविले की स्विंडन येथील रेल्वेच्या कारखान्यात कसबी हातांना काम आहे. बाबा 1953 साली एकटे पुढे गेले. पुढल्या वर्षी बॅलार्ड पियरवर आजी, मामा आणि निम्मी आळी यांना रडते ठेवून आई आम्हां तिघांना घेऊन बोटीत चढली. थोरला सात वर्षांचा, मधली पाच आणि धाकटा तीन. एडन, सुएझ, पोर्ट सैद असे करीत बोट टिलबरीच्या धक्क्याला लागली, तेव्हा ऑक्टोबर महिना होता आणि असे धुके पडले होते की धक्क्यावर उभे असलेले बाबा आम्हांला दिसलेच नाहीत. त्यांची हाक तेवढी ऐकू आली.

बाबांनी स्विंडन शहरात बिऱ्हाडासाठी पुष्कळ खटपट केली होती. महायुद्धानंतर घरांची टंचाई होतीच, त्यात आमचा वर्ण. पत्राने मिळालेली खोली दारात उभे राहिल्यावर ‘नुकतीच गेली’ असे दोनतीनदा झाले. अखेर कारखान्यातील एका आयरिश सोबत्याच्या ओळखीने शहरापासून सात-आठ मैलांवरच्या खेड्यात शेतमजुरांच्या जुन्या घरांपैकी एक घर भाड्याने मिळाले. बाबा रोज पहाटे सायकलने वुटन बॅसेट स्टेशन गाठीत आणि तेथून कामगारांच्या गाडीने स्विंडनला जात.

विल्टशरच्या उत्तर भागाचे दोन वाटे आहेत. वरती खडूच्या दगडाचे उघडे, गवताळ डोंगर. तेथे मेंढ्या चरतात. खाली चिकणमातीची सखल, ओली जमीन. तेथे गाई आणि दूधदुभते. इंग्रजीत दोन भिन्न गोष्टींना ‘खडू आणि चीज’ असे म्हणण्याची रीत आहे, ती आमच्याच मुलखावरून पडली असे गावचे लोक अभिमानाने सांगत. आमचे गाव नेमके या दोहोंच्या सांध्यावर होते. घरामागे डोंगराचा कडा उभा, आणि दारासमोर मैलोगणती पसरलेली कुरणे. नांगरलेल्या उतारावर माती पांढुरकी दिसे. ब्रॉड टाउनच्या उतारावर तर 1864 साली गवत खरवडून कोरलेला प्रचंड पांढरा घोडा होता. वाटेवर पडलेला ढेकूळ उचलावा आणि रस्त्यावर रेघ ओढावी, ती पांढरी उमटे. शाळेत गुरुजींच्या हातात मोजून मिळणारा खडू येथे डोंगराएवढा पडलेला पाहून आम्ही चकित झालो. खिशात खडूचे तुकडे बाळगण्याची खोड आम्हांला तेव्हापासून लागली.

घर दोन खोल्या खाली आणि दोन वर असे होते. भिंती जाड, खिडक्या इवल्याशा, जमिनीला फरशी. पाणी अंगणातल्या हातपंपाचे. संडास परसाच्या टोकाला; हिवाळ्याच्या रात्री कंदील घेऊन तेथपर्यंत जाणे म्हणजे शूराचे काम. स्वयंपाकघरातली कोळशाची लोखंडी शेगडी हेच घराचे हृदय. तिच्याभोवतीच जेवण, अभ्यास, प्रार्थना आणि कपडे वाळविणे चाले. वारा पूर्वेकडून असला म्हणजे सकाळी स्विंडनच्या कारखान्याचा भोंगा आमच्या गावापर्यंत ऐकू येई. आई हातातले काम क्षणभर थांबवी. परळच्या गिरण्यांचे भोंगे तिच्या कानांत होते. परमुलखात ओळखीचा असा तेवढा एकच आवाज तिला भेटला होता.

गावची माणसे वाईट नव्हती, हे आधी सांगितले पाहिजे. पहिल्या आठवड्यात दाराशी कोणी न सांगता बटाट्यांची पिशवी ठेवून गेले. शेजारी एक वृद्ध विधवा बाई एकटी राहत असे. तिने आईला शेगडी रात्रभर धुमसती कशी ठेवायची ते खुणांनी शिकविले. रस्त्याकडेला लाकडी चौथऱ्यावर दुधाचे मोठे कॅन ठेवलेले असत आणि लॉरी ते घेऊन जाई. उन्हाळ्यात कुंपणाच्या काटेरी झुडपांवरची ब्लॅकबेरी तोडून आमची तोंडे जांभळी होत. जुलै महिन्यात स्विंडनचा सबंध कारखाना सुट्टीवर जाई. त्या सुट्टीला ‘ट्रिप’ असेच नाव होते. हजारो कुटुंबे खास गाड्यांनी समुद्रावर जात. पहिल्या वर्षी आम्ही वेमथला गेलो. समुद्र पाहताच आई चपला काढून सरळ पाण्यात जाऊन उभी राहिली आणि लुगड्याचा काठ भिजला तरी कितीतरी वेळ बाहेर आली नाही.

शाळा गावातच, दोन वर्गांची, अँग्लिकन चर्चची होती. मधल्या सुट्टीत सरकारकडून प्रत्येक मुलाला दुधाची छोटी बाटली मिळे. थंडीत दूध गोठून बाटलीच्या तोंडातून वर आलेले असे, मग बाटल्या शेगडीजवळ मांडून ठेवीत. धर्मशिक्षणाचा तास मात्र आम्ही बाहेर, कोट टांगायच्या बोळात बसून काढीत असू, कारण त्या काळी कॅथलिकांनी अन्यपंथीय उपासनेत भाग घेऊ नये असा दंडक होता. आतून स्तोत्रे ऐकू येत. ती सुंदर होती, हे आम्ही आईला कधी सांगितले नाही.

रविवारचा मिस्सा स्विंडनच्या होली रूड चर्चमध्ये, म्हणजे पवित्र क्रुसाच्या देवळात. सात-आठ मैलांचा प्रवास, आणि तोही उपाशीपोटी; कारण ख्रिस्तप्रसादापूर्वीचा मध्यरात्रीपासूनचा उपवास 1957 साली तीन तासांवर आला, तोवर घन अन्नाचा कण चालत नसे. आईच्या पिशवीत पावाचे तुकडे असत. मिस्सा संपल्यावर देवळाच्या भिंतीला टेकून ते खाताना जी चव लागे ती नंतर कोणत्या पक्वान्नाला आली नाही.

आमच्या अज्ञानाची एक गंमत सांगतो. आम्ही गावात येऊन महिना झाला असेल. नोव्हेंबरच्या आरंभी मुले जुन्या कपड्यांत गवत भरून बुजगावणे करू लागली आणि ते ढकलगाडीत घालून दारोदार पैसे मागू लागली. आम्हांला फार आनंद झाला. मुंबई-वसईकडे 31 डिसेंबरला मुले ‘म्हातारा’ करतात, वर्गणी मागतात आणि मध्यरात्री त्याला जाळून जुन्या वर्षाला निरोप देतात, तोच हा खेळ अशी आमची समजूत झाली. बाबांची जुनी विजार देऊन आम्हीही सामील झालो आणि 5 नोव्हेंबरच्या रात्री होळीभोवती सर्वांपेक्षा मोठ्याने ओरडलो. तो बाहुला गाय फॉक्सचा, म्हणजे 1605 साली राजासकट पार्लमेंट उडवू पाहणाऱ्या कटातील एका कॅथलिकाचा, हे घरी आल्यावर बाबांनी सांगितले. आई घाबरली, पाप झाले काय, असे विचारू लागली. बाबा हसत सुटले. म्हणाले, “पाप काही नाही. पण विजार आपली गेली आणि माणूसही आपलाच गेला.”

आता त्या अपराधाकडे वळतो.

मुलांना परकी भाषा किती लवकर येते आणि आपली किती लवकर जाते, याचा अनुभव ज्यांना आहे त्यांना पुढचे सांगणे कठीण वाटणार नाही. दोन वर्षांत आम्ही तिघे आपसांत विल्टशरी वळणाचे इंग्रजी बोलू लागलो. आई आमच्याशी आमच्या वसईच्या बोलीत बोले, आणि आम्ही इंग्रजीत उत्तरे देत असू. संध्याकाळची तेर्स तेवढी मराठीत होई. पण त्या प्रार्थना आम्ही पाठ म्हणत होतो, अर्थाकडे लक्ष नसे.

1957 च्या फेब्रुवारीत एके दुपारी मुसळधार पाऊस आला. शाळा सुटताना पाहतो तो आई फाटकाशी उभी. लुगड्यावर बाबांचा जुना ओव्हरकोट, डोक्यावरून रुमाल, हातात आमचे रबरी बूट. गर्दीत आम्ही दिसेनात म्हणून तिने मोठ्याने, आमच्या घरच्या लाडक्या नावांनी, हाका मारल्या. जशा वसईत विहिरीवरून मारल्या असत्या तशाच. मुले हसली. दोघातिघांनी तिच्या हाकांची नक्कल केली. त्यात दुष्टावा नव्हता. मुले कोंबड्याचीही नक्कल करतात. पण आम्हांला वाटले की जमीन दुभंगावी. त्या रात्री आम्ही तिघांनी ठरवून आईला सांगितले, आणि तेही इंग्रजीत सांगितले, की यापुढे तिने घराबाहेर आमच्याशी ‘तसे’ बोलू नये.

तिला सारे शब्द कळले नसतील. पण अर्थ कळला. ती रागावली नाही. “बरं,” एवढेच म्हणाली आणि भाकरीसारख्या जाड पोळ्या लाटीत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून आई घराबाहेर बोलेनाशी झाली. शाळेच्या फाटकाशी येई, पण बाजूच्या भिंतीशी उभी राही आणि आम्ही दिसलो की हात वर करी. दुकानात बोटाने वस्तू दाखवी. वाटेने आमच्या दोन पावले मागून चाले. प्रथम आम्हांला हायसे वाटले. मग तिच्या गप्प राहण्याची आम्हांला सवय झाली. सवय झाली, हे आज लिहितानाही जड जाते.

त्याच वर्षी ईस्टरच्या मिस्सानंतर एक प्रसंग घडला. स्विंडनच्या देवळात आयरिश आणि इटालियन लोक होते, तसे पोलिश निर्वासितही पुष्कळ होते. महायुद्धात रशियाने हद्दपार केलेली ही पोलिश कुटुंबे नाना देश फिरत इंग्लंडला पोचली होती. देवळाच्या पायऱ्यांवर त्यांच्यापैकी एक तरुण स्त्री आईचे लुगडे पाहून थबकली आणि सर्वांदेखत, खणखणीत आवाजात म्हणाली, “बाई, तू कुठली?” आई पाहतच राहिली. ती स्त्री 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील पोलिश छावणीत वाढलेली होती. सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांना त्या छावणीने आश्रय दिला होता. कोल्हापूरच्या बाजारात भाजी घेताघेता तिला मराठी आले होते. “कांदा”, “किती”, “लई महाग”, “चल जाऊ” अशी शब्दांची ओंजळच तिने आईपुढे रिती केली. दोघी हातात हात घेऊन हसत होत्या आणि रडत होत्या. आम्ही मात्र आजूबाजूला पाहत होतो, कोणी हसते आहे का म्हणून. कोणीही हसत नव्हते.

बाबा हे सारे पाहत होते. ते बोलके नव्हते. पण धर्मगुरूंच्या घरी जुन्या नियतकालिकांची चळत असे, ती चाळण्याचा त्यांना नाद होता. तेथे त्यांना इंग्रज जेझुइटांच्या ‘द मंथ’ या मासिकाचा 1955 सालचा अंक सापडला. त्यात इतिहासकार फादर गेऑर्ग शुरहामर यांचा फादर थॉमस स्टीफन्स यांच्यावर लेख होता. ‘क्रिस्तपुराण’कार फादर स्टीफन्स यांचे नाव बाबांना लहानपणापासून ठाऊक होते. ते इंग्रज होते हेही ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते हे, की त्यांचा जन्म सुमारे 1549 साली बुशटन नावाच्या खेड्यात झाला, आणि हे बुशटन आमच्या घरापासून तासाभराच्या पायवाटेवर होते!

मे महिन्यातल्या एका रविवारी बाबा आम्हां सर्वांना तेथे घेऊन गेले. कुंपणे पांढऱ्या फुलांनी डवरली होती आणि एल्मच्या उंच झाडांवर कावळे कलकलत होते. बुशटनला पोचलो तेव्हा पाहण्यासारखे फारसे काहीच नव्हते. एक रस्ता, काही शेतघरे, गाई. स्टीफन्सच्या नावाची पाटी आम्हांला कोठे दिसली नाही. तेथून पुढे क्लिफ पायपर्डच्या जुन्या चर्चपर्यंत गेलो. बुशटन त्याच पॅरिशमधले. आत जाता येत नव्हते, म्हणून भिंतीबाहेर गवतावर बसलो आणि बाबांनी सारी हकीकत सांगितली.

स्टीफन्स जन्मले त्या सुमारासच, 1549 साली, इंग्लंडच्या देवळांतून लॅटिन मिस्सा हद्दपार होऊन इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचे झाले. पुढे जुन्या धर्माला चिकटून राहणे हे त्या देशात संकटाचे काम झाले. तरुण स्टीफन्स मित्रासोबत रोमला जाण्याच्या बेतात असताना मित्र पकडला गेला आणि त्याची उमर तुरुंगात गेली. स्टीफन्स एकटे निसटले आणि 1575 साली रोममध्ये येशूसंघात दाखल झाले. 4 एप्रिल 1579 रोजी लिस्बनहून निघून 24 ऑक्टोबरला ते गोव्यास पोचले. तेथून लंडनमधील व्यापारी वडिलांना त्यांनी प्रवासाचे सविस्तर पत्र लिहिले. ते पुढे हॅक्लूटच्या प्रवाससंग्रहात छापले गेले. 1583 साली भावाला लिहिलेल्या लॅटिन पत्रात त्यांनी इकडच्या भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिन यांच्याशी मिळतीजुळती असल्याचे नोंदविले. सर विल्यम जोन्सने हीच गोष्ट विद्वानांपुढे मांडली ती त्यानंतर दोनशे वर्षांनी. साष्टीत लोकांमध्ये राहून ते कोकणी आणि मराठी शिकले, कोकणीचे व्याकरण लिहिले, आणि 1616 साली रायतूर येथे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापून प्रसिद्ध केले. 1619 मध्ये त्यांनी गोव्यातच देह ठेवला. चाळीस वर्षांत ते या गावी एकदाही परतले नाहीत.

आई इतका वेळ ऐकत होती. तिने विचारले, “इथून गेला तेव्हा त्याचं वय काय होतं?”

“तिशीच्या आसपास,” बाबा म्हणाले.

“तिशीत ‘अ आ’पासून शिकला?” आई म्हणाली. मग गवताची एक काडी तोडून ती बोटाभोवती गुंडाळू लागली. “त्याला पण सुरुवातीला लोक हसले असतील,” ती हळूच म्हणाली.

आमच्याकडे तिने पाहिलेही नाही. पाहिले असते तर बरे झाले असते.

बाबांनी वसईला मामांना पत्र घातले, आणि नाताळच्या आधी पार्सल आले. 1616, 1649 आणि 1654 या क्रिस्तपुराणाच्या तिन्ही जुन्या आवृत्त्या रोमन लिपीत छापलेल्या होत्या, आणि 1907 साली मंगळूरला निघालेली आवृत्तीही रोमनच होती. परंतु 1956 साली शांताराम बंडेलू यांनी पुण्यातून ते देवनागरीत प्रसिद्ध केले. ते जाडजूड पुस्तक आमच्या शेगडीवरच्या फळीवर, मरियामातेच्या तसबिरीशेजारी विराजमान झाले. तेर्स झाल्यावर आई त्यातील दहाबारा ओव्या लयीत वाचू लागली.

आम्हांला अभिमान वाटू लागला. शाळेत आम्ही फुशारकीने सांगू लागलो की तुमच्या शेजारच्या गावचा माणूस आमच्या भाषेचा कवी आहे. शिक्षकांनी कौतुक केले. पण वाचकहो, अभिमान आणि भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अभिमानाला काही लागत नाही. तो एका दुपारी येतो. फळीवरचे पुस्तक आम्ही कधी उघडले नाही. उघडले असते तरी वाचता आले नसते, कारण देवनागरी अक्षरे थोरल्याला अंधुक आठवत होती आणि धाकट्या दोघांना येतच नव्हती. आई घराबाहेर पूर्ववत मुकी राहिली. अशी पाच वर्षे गेली. 1960 साली बाबांच्या कारखान्यात ब्रिटिश रेल्वेसाठी बांधलेले शेवटचे वाफेचे इंजिन, ‘इव्हनिंग स्टार’, तयार होऊन बाहेर पडले. त्या रात्री बाबा घरी आले ते गप्पच होते. एक युग संपत होते, आणि आम्ही इंग्रज होत होतो.

मग 1962 चा नाताळ आला. 26 डिसेंबरला बर्फ पडू लागले, आणि महिनाअखेरच्या वादळात वाऱ्याने त्याचे ढीग कुंपणांच्या माथ्यापर्यंत रचले. गाव जगापासून तुटले. शाळा बंद, बस बंद, हातपंप गोठलेला. आम्ही बर्फ वितळवून पाणी करीत असू. ती थंडी मार्चच्या आरंभापर्यंत हटली नाही. इंग्लंडच्या इतिहासात ती नोंदली गेली आहे. कित्येक रविवार आम्हांला मिस्सा घडला नाही.

शेजारच्या वृद्ध बाईचा कोळसा संपत आला, तेव्हा आईने थोरल्याला पाठवून तिला आमच्या स्वयंपाकघरात आणले. “एका शेगडीत दोन घरं शेकतील,” ती म्हणाली. बाई रोज दुपारी येई आणि रात्री थोरला तिला घरी पोचवी. ती मेथडिस्ट पंथाची होती. पण तेर्स चालू असताना विणकाम बाजूला ठेवून मान खाली घालून बसे. एका रात्री आईने ओव्या वाचल्या. मराठी भाषेची थोरवी गाणारा तो सुप्रसिद्ध भाग होता, ज्यात स्टीफन्सनी मराठीला रत्नांच्या, फुलांच्या आणि सुगंधांच्या उपमा दिल्या आहेत. वाचन संपल्यावर बाई आम्हांला म्हणाली, “फार गोड वाटते कानाला. तुमची आई काय म्हणाली, मला सांगा ना.”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. पंधरा, तेरा आणि अकरा वर्षांचे आम्ही तिघे. शाळेत इंग्रजी निबंधाला बक्षिसे घेणारे. आम्हांला सांगता येईना. आईला अर्थ येत होता, पण इंग्रजी येत नव्हते. बाईला इंग्रजी येत होते, पण अर्थ ठाऊक नव्हता. आणि मध्ये आम्ही, ज्यांना दोन्ही यावयास हवे होते, ते खाली मान घालून बसलो होतो. शेगडीतला कोळसा तेवढा तडतडत होता.

शेवटी आईनेच धीर केला. इतक्या वर्षांत परक्या माणसाशी ती प्रथमच बोलत होती. मोडक्यातोडक्या इंग्रजीत ती म्हणाली, “फूल. पांढरे. लहान. केसांत. खूप वास.” आणि अंबाड्यावर हात फिरवून मोगऱ्याचा गजरा माळून दाखविला. बाई क्षणभर विचारात पडली आणि मग तिचा चेहरा उजळला. “जॅस्मिन!” ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी येताना तिने आपल्या दारावरच्या हिवाळी जॅस्मिनची एक डहाळी आणली. बर्फातही फुलणारी ती पिवळी फुले. त्यांना वास मुळीच नसतो. आईने ती हुंगली, हसली आणि मरियामातेपुढे पाण्यात ठेवली.

त्या दिवशी आम्ही आईची क्षमा मागितली नाही. घरात कोणी कोणाची तशी क्षमा मागत नसे. पण संध्याकाळी मधलीने फळीवरचे पुस्तक खाली काढले आणि आईपुढे धरून, अडखळत, आमच्या बोलीत विचारले, “यातला ‘म’ कुठला?”

आई पॅरिशच्या शाळेत मराठी चौथीपर्यंत शिकलेली. पाटी नव्हती. धाकट्याच्या कपाटात उन्हाळ्यात डोंगरावरून गोळा केलेले खडूचे ढेकूळ होते. आईने त्यातला एक घेतला आणि स्वयंपाकघराच्या काळपट फरशीवर मोठा ‘म’ काढला. मग ‘र’ला काना, मग ‘ठी’. त्या हिमबंद आठवड्यांत, विल्टशरच्या खडूने, विल्टशरच्या फरशीवर, आम्ही मराठी लिहावयास शिकलो. बर्फ वितळून रस्ते मोकळे झाले तोवर आम्ही चारशे वर्षांपूर्वीच्या त्या ओव्या एकेक अक्षर जुळवून वाचू लागलो होतो. कठीण शब्द आईला अडत, बाबांना अडत. मग मामांना पत्र जाई. शेजारीणबाईला रोज दोन ओव्यांचा अर्थ सांगण्याचे काम पाळीपाळीने आमच्याकडे आले. तिने त्यात कधी खंड पडू दिला नाही.

मार्चमध्ये शाळा सुरू झाली. धाकटा अजून गावच्याच शाळेत होता. पहिल्या दिवशी आई त्याला न्यावयास गेली, आणि नेहमीप्रमाणे भिंतीशी उभी राहिली. त्याने फाटकातूनच, सर्व मुलांसमोर, आमच्या बोलीत मोठ्याने हाक मारली. आई काय बोलली ते त्याने आम्हांला कधी सांगितले नाही.

पुढची कथा थोडक्यात सांगता येईल. 29 नोव्हेंबर 1964 च्या आगमनकाळातील पहिल्या रविवारी होली रूडमध्ये मिस्साचा काही भाग प्रथमच इंग्रजीत झाला. आई म्हणाली, “आता देवाला लॅटिनशिवाय चालतं म्हणायचं. मग तिकडे मराठी पण चालेल.” तिचे म्हणणे लवकरच खरे ठरले. 1965 साली वुटन बॅसेटचे स्टेशन बंद झाले, आणि आम्हीही कारखान्याजवळ, शहरात राहावयास गेलो. निवृत्तीनंतर आई-बाबा वसईला परतले आणि आज दोघेही तेथल्या दफनभूमीत विसावले आहेत. स्विंडनचा तो कारखाना 1986 साली बंद झाला, भोंगाही गेला. बुशटनच्या वाटेवरचे एल्म रोगाने मेले. खडूचा डोंगर तेवढा आहे तसाच आहे.

आम्हां तिघांपैकी आता दोघेच उरलो आहोत. लहानपणापासून ‘आम्ही’ म्हणावयाची जी सवय जडली ती मोडवत नाही; मधलीही अजून त्या शब्दात आहेच. वसईला आलो की घराघरांतून लहान मुले आजीला इंग्रजीत उत्तरे देताना ऐकतो. आम्ही त्यांना रागे भरत नाही. तो अधिकार आम्हांला नाही. इंग्रजी वाईट नव्हे. याच भाषेच्या एका खेड्याने आम्हांला मराठीचा कवी दिला. पण त्या आजीच्या चेहऱ्याकडे आमचे लक्ष जाते. ती ‘बरं’ म्हणून पोळी लाटीत असते.

मग आम्ही त्या मुलांना जवळ घेतो, आणि खिशातला खडूचा तुकडा काढून विचारतो, “यातला ‘म’ कुणाला काढता येतो?”